बाबांचा कॉम्प्युटर आणि ६८ अक्षरं

बाबांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो आला तेव्हा मी ऑफिसात जीएसटीच्या आकड्यांशी झटापट करत होते. फोटो तिरका, त्यात ट्यूबलाइट चमकलेली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लालभडक चौकट. तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडलेत, अँटीव्हायरसची मुदत संपली आहे, आत्ताच्या आत्ता रिन्यू करा, असं इंग्रजीत बजावलेलं. फोटोखाली बाबांचा प्रश्न: "भरू का पैसे?"

मी लगेच फोन लावला. "कशालाही हात लावू नका. दिवाळीला येतेय, तेव्हा बघू."

"बघ. पण मला एक सांग, मुळात घरच्या कॉम्प्युटरला हे लागतं का गं? टीव्हीला लागत नाही, फ्रीजला लागत नाही. यालाच काय वर्षाला साडेआठशे रुपयांची राखण?"

मला धड उत्तर देता आलं नाही. मी हिशेबाची माणूस. घरात मात्र 'तिला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी माझी ख्याती आहे, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला होता. तेवढ्या भांडवलावर मी २०२५ च्या वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला, कराडला जाऊन बाबांच्या खुर्चीत बसले. आमच्या ऑफिसातल्या आयटीच्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं, की सुट्टीत फोन आला तर उचल बाबा, चकल्या आणीन.

कॉम्प्युटर २०१७ साली घेतलेला, चांगल्या कंपनीचा डेस्कटॉप. विंडोज १० असलेला. त्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी फुकट डागडुजी तीनच दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबरला थांबली होती. ११ वर जावं, तर त्याला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि बाबांचा सातव्या पिढीचा. बाबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मी तर कितव्या पिढीचा असेन!"

त्या लाल चौकटीचा उलगडा पाच मिनिटांत झाला. नीट पाहिलं तर तिच्यात बारीक अक्षरांत क्रोमचं नाव होतं आणि कुठल्याशा विचित्र संकेतस्थळाचा पत्ता. म्हणजे हे अँटीव्हायरस बोलतच नव्हतं. बाबा पंचांगाची पीडीएफ शोधायला एका पानावर गेले होते. तिथे 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' असं आलं आणि बाबांनी इमानदारीत सिद्ध केलं. त्या एका दाबण्याने त्या संकेतस्थळाला बाबांच्या स्क्रीनवर हवं तेव्हा चिठ्ठी चिकटवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडली तर अशी परवानगी मिळवलेली १९ संकेतस्थळं रांगेत उभी. एकेक काढून टाकली, शिवाय कुणी परवानगी मागायचीच नाही असं करून ठेवलं. चौकट गेली. एकही व्हायरस सापडलेला नव्हता. सापडला होता तो एक सज्जन गिऱ्हाईक.

इथेच उठले असते तर बरं झालं असतं, आईने फराळाला दोनदा हाका मारल्या होत्या. पण बाबांचा प्रश्न डोक्यात होता.

माझ्या मनात अँटीव्हायरस आणि फायरवॉल हे शब्द २००३ साली जाऊन बसलेत. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होते, कोथरूडला मैत्रिणीच्या घरी केबलवाल्याचं इंटरनेट होतं. केबलवाल्याचं इंटरनेट म्हणजे गच्चीवरून वायर टाकून अख्खी गल्ली एकाच जाळ्यात गुंफलेली. नेटवर्क नेबरहुड उघडलं की शेजारपाजाऱ्यांचे कॉम्प्युटर दिसायचे, कुणाकुणाची गाण्यांची फोल्डरं उघडीच असायची, आणि आम्ही ती निःसंकोच उचलायचो. त्या ऑगस्टात ब्लास्टर नावाचा किडा आला. कुठली फाईल उघडायला नको, कशावर क्लिक करायला नको. विंडोज एक्सपी नुसतं जाळ्याला जोडलं की थोड्या वेळाने एक खिडकी यायची, ६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार म्हणून, आणि उलटी मोजणी सुरू. रनमध्ये जाऊन 'शटडाउन' लिहून पुढे जागा सोडून डॅश-ए लिहिलं की ती मोजणी थांबते, ही विद्या तेव्हा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली असायची.

ते का व्हायचं हे आयटीच्या मुलाने मला आत्ता, २२ वर्षांनी, समजावलं. विंडोजमधली एक सेवा बाहेरून येणाऱ्या हाकेला ओ द्यायला दार उघडं ठेवून बसलेली होती आणि तिच्यात भोक होतं. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती, पण ती घेतली कुणी होती? गल्लीतल्या एकाला लागण झाली की तो बाकी सगळ्यांची दारं ठोठावायचा. एक्सपीत फायरवॉल होता, पण कंपनीतून येतानाच बंद. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीची सर्व्हिस पॅक २ ही मोठी सुधारणा आली आणि फायरवॉल आपोआप चालू झाला. फायरवॉलचं मुख्य काम एवढंच: आपण न बोलावता बाहेरून कुणी दार ठोठावलं तर उघडायचं नाही. आतून कुणी बाहेर जायला निघालं, तर मात्र तो सहसा अडवत नाही. हे दुसरं वाक्य मी त्या दिवशी कानाआड केलं, पाडव्याला आठवलं.

मग पेन ड्राइव्हचा काळ. 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' आठवतंय का? फोल्डरचं चित्र, पण आत प्रोग्रॅम; दोनदा क्लिक केलं की झालं. आणि तो एक विनोदी किडा, ऑर्कुट उघडलं की 'ऑर्कुट इज बॅन्ड, यू फूल' म्हणून खदाखदा हसणारा. पेन ड्राइव्ह खुपसला की त्यावरचं काहीतरी आपोआप चालायचं, ती सोय विंडोजने पेन ड्राइव्हपुरती विंडोज ७ पासून काढली आणि २०११ साली एक्सपी-व्हिस्टालाही त्याची दुरुस्ती दिली. तोवर दर दुकानात अँटीव्हायरसच्या सीडीचे डबे रचलेले असायचे. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उभं केलेलं क्विक हील २०१६ साली शेअर बाजारात गेलं, तेव्हा बाबांनी ती बातमी कापून ठेवली होती. मराठी माणसाचा अँटीव्हायरस म्हणून अभिमान. बाबांच्या कपाटातला डबा मात्र दुसऱ्याच कंपनीचा निघाला. "त्याच्याकडे हाच होता," बाबा म्हणाले.

'तो' म्हणजे कॉम्प्युटरवाला पोरगा. बाबांच्या बोलण्यात त्याला नाव क्वचितच असतं. "चांगला आहे गं. रात्री नऊला बोलावलं तरी येतो."

डब्यातल्या अँटीव्हायरसची मुदत खरंच संपलेली होती, मार्च २०२४ मध्ये. म्हणजे दीड वर्ष तो नुसता बसून होता, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या एका कंपनीची फुकटची महिनाभराची आवृत्तीही कधीतरी येऊन मुक्कामाला राहिलेली. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, घरचाच असतो. पण बाहेरचा अँटीव्हायरस टाकला की तो अदबीने बाजूला होतो. हे मला ठाऊक नव्हतं. माझी समजूत अशी, की दोन असले तर दुप्पट सुरक्षा. आयटीचा मुलगा हसला. "मॅडम, दोघेही एकच फाईल एकाच वेळी ओढतात. दोन वॉचमन एकमेकांना चोर समजून धरून बसतात, तसं." कॉम्प्युटर चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ का लागतो हेही त्यात कळलं.

नेहमीच्या पद्धतीने काढून दोन्ही पुरते जाईनात, त्या त्या कंपनीचं खास काढायचं साधन उतरवून घ्यावं लागलं. दोनदा रीस्टार्ट. मग डिफेंडर जागा झाला, हिरवी खूण आली. क्विक स्कॅन केला. काही वेळात निकाल: शून्य.

"बघ," बाबा म्हणाले. "उगीच पोराला नावं ठेवत होतीस."

मी खूश होऊन फोनवर सांगितलं, तर तिकडून विचारणा: "आयकार केलं का?"

हा या सगळ्या प्रकरणातला माझा लाडका भाग. अँटीव्हायरस जागा आहे की नुसता गणवेश घालून झोपलाय हे पाहायला एक निरुपद्रवी नमुना ठरलेला आहे. ६८ अक्षरांची एक ओळ, आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी. ती नोटपॅडमध्ये लिहून जतन करायची. तिच्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण जगातले बहुतेक सगळे अँटीव्हायरस तिला पाहून आरडाओरडा करायचा असं ठरवून बसलेत. ओळ काढून पेस्ट करता आली असती, पण मी ती मोबाइलवर पाहून हाताने टाइप केली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. कळलं, की तिसरं अक्षर इंग्रजी ओ आहे आणि मी शून्य टाकलाय. सगळेच तिथे फसतात म्हणे. सुधारून पुन्हा जतन केली, डेस्कटॉपवर.

काहीच झालं नाही.

फाईल उघडली, बंद केली, दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली. डिफेंडर हिरवा. स्कॅन केला, पुन्हा शून्य. फोनवरचा आवाज जरा गंभीर झाला. "सेटिंग्जमध्ये खाली जा. एक्सक्लूजन्स म्हणून यादी असेल."

यादी होती, आणि यादीत एकच नोंद होती. सी ड्राइव्ह. सगळाच्या सगळा.

एक्सक्लूजन म्हणजे 'इथे बघू नकोस' अशी सूट. एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमचं फोल्डर अडत असेल तर तेवढ्यापुरती द्यायची. इथे वॉचमनला सांगितलेलं, की बाबा रे, तू फाटकाशी उभा राहा, फक्त इमारतीकडे पाहू नकोस. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता, जिथे पाहायची परवानगी आहे तिथे काही नाही. मी ती नोंद काढली, फाईलवर क्लिक केलं, आणि त्या क्षणी ती डोळ्यांदेखत नाहीशी झाली, कोपऱ्यात इशारा आला. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

फुल स्कॅन लावला आणि आम्ही फराळ केला. परत आलो तर चार लाल नोंदी. त्यातल्या एकीचं नाव ऑटोकेएमएस. विंडोज पैसे न भरता चालू करून देणारी ती किल्ली. उरलेल्यांतल्या दोन पेन ड्राइव्हवरून आलेल्या शॉर्टकटच्या भानगडी, कारण बाबा देवळाच्या ट्रस्टच्या पावत्या छापायला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेतात, आणि तिथल्या कॉम्प्युटरला दिवसाकाठी पन्नास पेन ड्राइव्ह लागत असतील. चौथी ट्रोजन. म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या वेषात आत शिरलेला चोर. नुसतं ट्रोजन, पुढे अगम्य अक्षरं.

गोष्ट जुळत गेली. २०२१ साली कॉम्प्युटर हळू झाला म्हणून पोराने फॉरमॅट मारला आणि विंडोजची 'प्रो' आवृत्ती टाकून दिली. ती चालू करायला चोरकिल्ली लागते, चोरकिल्लीला डिफेंडर पकडतो, म्हणून आधी डिफेंडरला सी ड्राइव्हकडे पाठ करायला लावली. त्यानंतर त्याच फेरीत साडेआठशे रुपयांचा अँटीव्हायरसचा डबा विकला. मला त्याचा राग आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण तो काही दुष्ट पोरगा नव्हे. सगळेच असं करतात, गिऱ्हाईक विंडोजचे पैसे द्यायला तयार नसतं, आणि बाबांनीही तेव्हा 'ओरिजिनलला किती?' विचारून मान हलवली होतीच. तेही त्यांनी आत्ता कबूल केलं.

आणखी शोधलं तर फायरवॉलही बंद. प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्हीकडे. कारण विचारलं तर आईने सांगितलं: तिच्या लॅपटॉपवरून बाबांच्या प्रिंटरवर पान जात नव्हतं, पोराने काहीतरी बंद केलं आणि जायला लागलं. फायरवॉलमध्ये फाईल अँड प्रिंटर शेअरिंगला तेवढी परवानगी द्यायची असते, ते दोन क्लिकचं काम. मी फायरवॉल चालू केला, ती परवानगी फक्त घरच्या, म्हणजे प्रायव्हेट नेटवर्कपुरती दिली, आणि आईने 'अनारशाची कृती' छापून पाहिली. गेली.

आता कुणी म्हणेल, घरात राउटर असताना कॉम्प्युटरचा फायरवॉल कशाला? मीही म्हटलं. राउटर घरातल्या सगळ्या यंत्रांना आतले पत्ते देतो आणि बाहेर एकच चेहरा दाखवतो. बाहेरून न बोलावता आलेली हाक त्याला कुणाकडे पाठवायची हेच कळत नाही, म्हणून ती तिथेच पडते. २००३ सारखं गल्लीने आत शिरणं त्यामुळे बंद झालं. पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा किडा आला, तेव्हा तो एका यंत्रात शिरला की आतल्या आत, फायली वाटून घेण्याच्या सोयीतून, शेजारच्या यंत्रांत जात होता. त्याचीही दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, हे ब्लास्टरसारखंच. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा तसाच दुसरा किडा आला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. राउटर वेशीवर असतो, घरातल्या घरात तो काही करत नाही. आईच्या लॅपटॉपला झालं तर बाबांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला मधे कुणीतरी हवं.

आणि आमची वेस तरी कुठे शाबूत होती! बाहेरून कोणकोणती दारं उघडी दिसतात हे तपासून देणारी शील्ड्स अप नावाची एक जुनी सेवा आहे, ती चालवली. दोन पोर्ट, म्हणजे तशी दारं, उघडी. राउटरच्या पानावर गेले, पत्ता १९२.१६८.१.१, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन, आणि झालं, मी आत. दोन्ही दारं सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डब्याकडे, डीव्हीआरकडे, जात होती. कॅमेरे बसवणाऱ्याने, हा वेगळा माणूस, बाबांना मोबाइलवर अंगण दिसावं म्हणून ती उघडली होती. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच. २०१६ साली मिराई नावाच्या प्रकाराने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर, असेच मूळ पासवर्ड वापरून, लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते, आणि ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर अमेरिकेतली कितीतरी मोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली होती. डीव्हीआरवर अँटीव्हायरस कोण टाकणार? मी दोन्ही दारं बंद केली, दोन्ही पासवर्ड बदलले. अंगण मोबाइलवर दिसतंच, डीव्हीआर कंपनीच्या अ‍ॅपमधून. आईने खात्री करायला मला तुळशीपाशी उभं केलं.

रात्री खरा प्रश्न आला. चार नोंदी साफ केल्या, मग हे यंत्र आता स्वच्छ का? चार वर्षं त्या ड्राइव्हकडे कुणी पाहिलंच नव्हतं, अँटीव्हायरसच्या डब्यातही तोच ड्राइव्ह माफ केलेला होता. फोनवरचा मुलगा म्हणाला, मी तरी भरवसा ठेवणार नाही. हिशेबात एक खोटी पावती सापडली की मी अख्खं खातं पुन्हा तपासते, त्यामुळे हे मला पटलं. पुसून नव्याने विंडोज टाकायचं ठरलं.

पण त्याआधी पासवर्ड. हे मी उलट्या क्रमाने करणार होते. असले ट्रोजन बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डच उचलून नेतात, म्हणून ते बदलायचे तर त्याच कॉम्प्युटरवर बसून बदलण्यात काय अर्थ? माझ्या फोनवरून बाबांचा ईमेल, बँक, आईचा ईमेल, सगळे बदलले, ईमेलमधून बाकी सगळी यंत्रं बाहेर काढली. बँकेचं खातं पाहिलं, सुदैवाने सगळं जागच्या जागी होतं. नसतं तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा हे बाबांच्या डायरीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

धनत्रयोदशीला बाहेरच्या हार्ड डिस्कवर फक्त कागदपत्रं आणि फोटो उतरवले, प्रोग्रॅम एकही नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० बनवलं. मनात धाकधूक होती, की आता लायसन्सचे किती मोजावे लागणार. कॉम्प्युटर सुरू केला, पेन ड्राइव्हवरून चढवायला घेतलं. त्याने किल्ली विचारलीच नाही. गुपचूप 'होम' आवृत्ती टाकली, इंटरनेटला जोडल्यावर सेटिंग्जमध्ये लिहून आलं: ॲक्टिव्हेटेड.

म्हणजे २०१७ साली बाबांनी यंत्राबरोबर विंडोजचेही पैसे मोजलेले होते. कंपनीने अस्सल किल्ली मदरबोर्डमध्येच कोरून दिलेली होती. त्या अस्सलवर चोरीचं टाकून, त्या चोरीसाठी राखणदाराचे डोळे बांधून, वर पुन्हा भाड्याचा राखणदार आणला होता. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याच घरात आपण चोरासारखे राहत होतो."

नंतरची कामं भराभर झाली. अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' होतं. विंडोज १० ला आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय. ३० डॉलर भरा, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायला हो म्हणा. आम्ही हो म्हटलं. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख विंडोज १० वरही २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही: चोरांचे फोटो रोज येत राहिले तरी भिंतीतलं भोक त्याने बुजत नाही. ती दुरुस्ती वेगळी. बाबांसाठी साधं, स्टँडर्ड खातं बनवलं. काही नवीन टाकायचं तर ॲडमिनचा पासवर्ड मागणार, तो आईच्या मसाल्याच्या डब्याशेजारच्या वहीत. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारी सोय चालू केली, तिने पहिल्याच दिवशी बाबांच्या जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमला अडवलं. त्याला तेवढी सूट दिली. त्याला एकट्याला. आणि हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडून कॉपी झाली की काढून कपाटात. जोडलेलीच ठेवली तर कॉम्प्युटरबरोबर तिच्याही फायली कुलूपबंद होतील.

बाबांनी विचारलं, "मग डबा विकत आणायचा का नाही?" मी नाही म्हटलं. पैशाच्या अँटीव्हायरसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायची सोय, पासवर्डची तिजोरी, अडचण आली तर फोनवर बोलायला माणूस असं बरंच काही मिळतं, आणि ज्याला ते हवं त्याने जरूर घ्यावं. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात, बँक, ईमेल, पंचांग आणि ट्रस्टच्या पावत्या एवढ्या कामाला घरचा डिफेंडर आणि फायरवॉल मला पुरेसे वाटले. अट एकच, त्यांचे डोळे कुणी बांधायचे नाहीत.

पाडव्याला पोरगा स्वतःच आला, फराळाला. मी त्याला काही बोलले नाही, म्हणजे फार बोलले नाही. त्याने बसल्या बसल्या विचारलं, "काका, माझं ते अ‍ॅप काढलं का? मला तुमचा कॉम्प्युटर दिसत नाही आता." दूरवरून कॉम्प्युटर चालवायचं एक अ‍ॅप त्याने घालून ठेवलेलं होतं, कायमच्या पासवर्डसह, म्हणजे घरी न येता दुरुस्ती. कानाआड केलेलं ते वाक्य तेव्हा आठवलं. ते अ‍ॅप आतून बाहेर संधान बांधतं, फायरवॉल चालू असता तरी त्याने अडवलं नसतं. "पासवर्ड काय ठेवला होतास?" मी विचारलं. त्याने लाजत सांगितलं. गावाचं नाव आणि एक-दोन-तीन. "सगळ्यांकडे तोच ठेवतो, ताई. लक्षात राहतो."

बाबांनी करंजी ताटात ठेवली. "देवळाच्या ऑफिसातपण?"

तो करंजी खात राहिला.

मी पुण्याला परतले. नोव्हेंबरच्या १ तारखेला सकाळी बाबांचा फोन. आयकारची ती ओळ त्यांनी डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली आहे, कंसांसकट, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायची असं व्रत घेतलंय. "पकडलं बरं का," म्हणाले. "जतन केल्या केल्या बोंबललं."

मग आवाज उतरला. "आता देवळाच्या ऑफिसात आलोय. इथे पण लिहिली. इथे काही होत नाही गं. फाईल नुसती बसलीये."

"बाबा, तिसरं अक्षर काय घेतलंत? शून्य नाही ना?"

पानं उलटल्याचा आवाज आला.

"ओ," बाबा म्हणाले. "ओच आहे."